कल्चरचा रिपोर्ट केस पेपरपर्यंत: मायक्रोबायोलॉजीचे निकाल ईएमआरला पाठवणाऱ्या नवख्यांसाठी

हॉस्पिटलच्या आयटीत नवीन लागलेल्या पोराला पहिलं काम बहुतेक हेच मिळतं: "लॅबचं मशीन ईएमआरला जोडून दे." ईएमआर म्हणजे पेशंटचा संगणकातला केस पेपर. शुगर, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन जोडायला आठवडा-दोन आठवडे पुरतात. मशीन आकडा देतं, आकडा पुढे जातो, डॉक्टरांच्या स्क्रीनवर दिसतो. सगळे खूश होतात आणि मग कुणीतरी म्हणतं, "आता तसंच मायक्रोचंपण करून टाक की." पुढचे तीन महिने कुठे गेले ते त्या पोराला कळत नाही.

लातूर, बीड, नांदेड, परभणीकडच्या लॅबमध्ये मी हे काम केलंय, चुकलोय आणि शिव्याही खाल्ल्यात. त्यातून हाताशी आलेला क्रम इथे देतोय. तुम्ही बीसीए-एमसीए करून आला असाल किंवा डीएमएलटी करून लॅबमधूनच या कामावर ढकलले गेला असाल, दोघांनाही तो चालेल.

एक शंका आधीच निकालात काढू. "पीडीएफ जोडून दिला की झालं ना सर?" हे वाक्य तुम्हाला दर आठवड्याला ऐकू येईल. पीडीएफ माणसाला वाचता येतो, संगणकाला त्यातलं काही कळत नाही. या पेशंटला गेल्या वर्षी कुठला जंतू निघाला होता, आयसीयूत या महिन्यात मेरोपेनेम या अँटिबायोटिकला दाद न देणारे क्लेबसिएला जंतू किती निघाले, हे प्रश्न पीडीएफच्या ढिगाऱ्याला विचारता येत नाहीत. पीडीएफ जरूर पाठवा, पण सोबत. निकाल सुटासुटा, कोडसकट आणि आपापल्या खणातच, म्हणजे फील्डमध्येच, गेला पाहिजे.

आधी तीन दिवस प्लेटी बघा

कोड लिहायच्या आधी मायक्रोच्या टेक्निशियन मॅडमशेजारी स्टूल घेऊन बसा. एक दिवस बसून भागत नाही, कारण कल्चर, म्हणजे सॅम्पलमधला जंतू वाढवून ओळखणं, एका दिवसात होत नाही. सोमवारी सकाळी लघवीचा एक सॅम्पल धरा आणि त्याच्या मागे मागे जा. मॅडम ०.००१ मिलिलिटरच्या लूपने तो प्लेटवर ओढतील आणि प्लेट इन्क्युबेटरमध्ये जाईल. मंगळवारी मॅकॉन्की प्लेटवर गुलाबी कॉलनी आल्या की त्या रजिस्टरमध्ये लिहितील: "एलएफ, १ लाखाच्या वर." एलएफ म्हणजे लॅक्टोज फर्मेंटर. आणि एवढ्याशा लूपमधून शंभर कॉलनी उगवल्या तर मिलिलिटरला १ लाख, हा त्यांचा तोंडी हिशोब. त्यातल्या कॉलन्या उचलून त्या म्युलर-हिंटन प्लेटवर पसरवतील आणि वर अँटिबायोटिकच्या डिस्क ठेवतील. बुधवारी सकाळी प्रत्येक डिस्कभोवतीचं मोकळं वर्तुळ, म्हणजे झोन, मिलिमीटरमध्ये मोजलं जाईल. त्यानंतर रिपोर्ट.

ब्लड कल्चरची गोष्ट आणखी लांबते. बाटली मशीनमध्ये साधारण पाच दिवस असते. मधेच मशीन वाजतं, आणि का कोण जाणे, बहुतेक रात्रीच वाजतं. बाटलीतल्या थेंबाचा ग्रॅम स्टेन होतो, म्हणजे रंग देऊन जंतूचा ढोबळ प्रकार बघतात, आणि "ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय दिसतायत" असा आयसीयूला फोन जातो. जंतूचं नाव दुसऱ्या दिवशी येतं, सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तो कुठल्या औषधाला दाद देतो ते, त्याच्याही पुढच्या दिवशी.

म्हणजे मागणी एक, पण निकाल तीन-चार वेळा येतो, आणि दर वेळी आधीच्यात भर पडते. शुगरच्या इंटरफेसला हे माहीतच नसतं. पुढच्या सगळ्या अडचणींचं मूळ इथे आहे, म्हणून हे तीन दिवस टाळू नका.

पहिली पायरी: पेशंट तोच आहे ना?

आपल्याकडे नावावर जुळवणी करायला गेलात तर फसलात. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली लेक केस पेपरवर कधी वडिलांचं नाव सांगते, कधी नवऱ्याचं. शेख हे आडनाव एकाच रजिस्टरमध्ये तीन स्पेलिंगांनी सापडतं. वय विचारलं तर "असंल साठ-पासष्ट", आणि मग नोंदणीवाला जन्मतारीख १ जानेवारी टाकून मोकळा होतो. एका तालुक्याच्या ठिकाणी मी यादी काढली तेव्हा १ जानेवारीला जन्मलेल्यांची संख्या बघून हसावं की रडावं ते कळेना. जिल्ह्यांची नावंही बदलली. जुन्या मास्टरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या मूळ यादीत, औरंगाबाद आणि उस्मानाबाद, नव्यात छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव, आणि तीच माणसं दोन्हीकडे.

म्हणून जुळवणी दोनच गोष्टींवर करायची: हॉस्पिटलचा कायमचा पेशंट नंबर आणि सॅम्पलवरच्या बारकोडचा लॅब नंबर. नाव, वय, लिंग हे फक्त खातरजमेसाठी. दोन्ही नंबर जुळले पण लिंग जुळत नाही, तर संदेश बाजूला काढा आणि माणसाला दाखवा. अंदाजाने जोडू नका. चुकीच्या माणसाच्या केस पेपरात गेलेला निकाल, न गेलेल्या निकालापेक्षा वाईट.

आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा १४ आकडी आभा आरोग्य नंबर असेल तर तोही पेशंटच्या ओळखीच्या खणात दुसरा नंबर म्हणून पाठवा. बीडकडे त्याचा उपयोग पटकन कळतो. दिवाळीच्या आसपास टोळ्या ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. कल्चरचा रिपोर्ट तयार होईपर्यंत पेशंट सांगली-कोल्हापूरच्या फडात पोचलेला असतो. तिथल्या डॉक्टरांना इथला रिपोर्ट, पेशंटची संमती घेऊन, दिसायचा असेल तर तो धागा आभाचाच. पण हॉस्पिटलच्या आतली जुळवणी मात्र आभावर बांधू नका, सगळ्यांकडे तो नसतो.

दुसरी पायरी: सॅम्पल नेमका कुठला?

नुसतं "पस" लिहून आलेला सॅम्पल लॅब घेते, कारण परत पाठवला तर वॉर्ड चिडतो. तुमच्या संदेशात मात्र दोन वेगळे खण हवेत: सॅम्पलचा प्रकार आणि शरीरावरची जागा. डाव्या पायाची जखम, सिझेरियनचा टाका आणि पोटातला गळू, तिन्हींचा पस वेगळा. लघवी असेल तर मधल्या धारेची की कॅथेटरची. रक्त असेल तर कुठल्या हाताचं, कारण त्वचेवरचा एखादा जंतू दोनपैकी एकाच बाटलीत निघाला तर तो बहुतेक सुई टोचताना आत गेलेला असतो, आणि दोन्ही बाटल्या एकाच लॅब नंबरवर चढवल्या की तो फरक कायमचा पुसला जातो.

एचएल-७ म्हणजे हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरांनी एकमेकांना संदेश पाठवायची ठरलेली पद्धत. तिच्या दुसऱ्या आवृत्तीत यासाठी एसपीएम नावाची ओळ आहे. सॅम्पल घेतल्याची वेळ आणि लॅबला मिळाल्याची वेळ तिच्यात वेगवेगळी जाते. वॉर्डात सकाळी सहाला घेतलेली लघवी अकराला लॅबमध्ये पोचली, तर मधल्या वेळात जंतू वाढलेले असू शकतात आणि "१ लाखाच्या वर" या आकड्याचा अर्थ बदलतो. दोन्ही वेळा पाठवा.

तिसरी पायरी: प्रश्नाला लॉइंक, उत्तराला स्नोमेड

लॉइंक आणि स्नोमेड सीटी या प्रमाणित कोडांच्या याद्या. काय तपासलं ते लॉइंकच्या कोडने सांगायचं आणि काय सापडलं ते स्नोमेड सीटीच्या. एवढं पाठ झालं की अर्धा गोंधळ मिटतो. लघवीच्या कल्चरचा लॉइंक ६३०-४, रक्ताच्या कल्चरचा ६००-७, ग्रॅम स्टेनचा ६६४-३. उत्तरात ई. कोलाय असेल तर स्नोमेड ११२२८३००७, क्लेबसिएला न्यूमोनिए ५६४१५००८, स्टॅफिलोकॉकस ऑरियस ३०९२००८. इथे मी आकडे देवनागरीत लिहिलेत, संदेशात ते इंग्रजी आकड्यांतच जायला हवेत. हसू नका, मराठी कीबोर्ड चालू ठेवून भरलेली अख्खी मॅपिंग शीट मी दुरुस्त केलेली आहे.

लॉइंक फुकट आहे. स्नोमेडसाठी भारत २०१४ पासून सदस्य देश आहे, त्यामुळे इथे त्याला पैसे पडत नाहीत. पुण्याच्या सी-डॅकमध्ये त्याचं राष्ट्रीय केंद्र आहे, तिथे नोंदणी करून परवाना घ्यायचा. केंद्र सरकारच्या २०१६ च्या ईएचआर मानकांत दोन्हींची नावं आहेत, तेव्हा मॅनेजमेंटने "हे कशाला?" विचारलं तर तो कागद पुढे करा.

कोड शोधण्यापेक्षा जास्त वेळ लॅबचा जुना मास्टर साफ करण्यात जातो. एका लॅबमध्ये ई. कोलाय अकरा प्रकारे लिहिलेला होता. कुठे टिंब नाही, कुठे दोन स्पेस, एका ठिकाणी तर "ई. कोलाय (जोशी सरांना सांगणे)" असा स्वतंत्र जंतू मास्टरमध्ये होता. आधी ही यादी एक्सेलमध्ये काढा, सारखे एकत्र करा, मग कोड लावा. आणि हे कोड तुम्ही एकट्याने लावायचे नाहीत. प्रत्येक ओळीसमोर मायक्रोबायोलॉजिस्टची सही घ्या. लॉइंकमध्ये सिप्रोफ्लॉक्सासिनच्या सेन्सिटिव्हिटीचा पद्धत न सांगणारा कोड १८९०६-८ आहे आणि एमआयसीचा, म्हणजे जंतूची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या कमीत कमी प्रमाणाचा, वेगळा, १८५-९. डिस्कचं काम करणाऱ्या लॅबने एमआयसीचा कोड लावला तर मिलिमीटरचा आकडा एमआयसी म्हणून वाचला जाईल. हा फरक संगणकवाल्याच्या लक्षात येत नाही, मॅडमच्या लगेच येतो.

लॅबचा स्वतःचा कोड टाकून देऊ नका. एचएल-७ च्या कोडच्या खणात आधी प्रमाणित कोड आणि पाठोपाठ स्थानिक कोड, असे दोन्ही बसतात. सहा महिन्यांनी मॅपिंगमधली चूक सापडली, तर दुरुस्तीला तो जुना कोडच कामी येतो.

चौथी पायरी: फांदी सुटू देऊ नका

इथे थांबा, चहा घ्या, आणि मग वाचा. सगळ्यात जास्त अपघात याच वळणावर होतात.

एका लघवीच्या सॅम्पलमध्ये दोन जंतू निघाले असं धरू. कागदावर रिपोर्ट असा दिसतो:

लघवी कल्चर
— जंतू १: ई. कोलाय, १ लाखाच्या वर
—— सिप्रोफ्लॉक्सासिन: १८ मिमी, आर
—— मेरोपेनेम: २६ मिमी, एस
—— नायट्रोफ्युरंटॉइन: २० मिमी, एस
— जंतू २: एन्टेरोकॉकस फीकॅलिस, १ लाखाच्या वर
—— ॲम्पिसिलिन: २२ मिमी, एस
—— सिप्रोफ्लॉक्सासिन: २३ मिमी, एस
—— नायट्रोफ्युरंटॉइन: १९ मिमी, एस

एस म्हणजे औषध लागू पडेल, आर म्हणजे पडणार नाही. सिप्रो दोनदा आलंय, एकदा आर आणि एकदा एस, आणि दोन्ही बरोबर आहेत. शिवाय २३ मिमी हा झोन एन्टेरोकॉकसला एस आहे, पण तोच ई. कोलायला आला असता तर आय, म्हणजे मधला. जंतू माहीत नसेल तर त्या आकड्याला काहीच अर्थ नाही.

मी माझ्या पहिल्या कामात या सगळ्या ओळी एकाखाली एक, सपाट पाठवल्या होत्या. पलीकडच्या ईएमआरने निकाल साठवताना लॅब नंबर आणि तपासणीचा कोड एवढीच जोडी ओळख म्हणून धरली होती. त्यामुळे दुसरं सिप्रो आलं आणि ते पहिल्याच्या डोक्यावर बसलं. तासाभराने वॉर्डातून सिस्टरचा फोन: "सर, मघाशी सिप्रो आर दाखवत होतं, आता एस दाखवतंय. गोळी द्यायची का नाही द्यायची?" त्यांनी दोन वेळा स्क्रीन बघितली म्हणून निभावलं. त्या रात्री इंटरफेस बंद करून मी कागदाच्या रिपोर्टवर परत गेलो.

उपाय असा. एचएल-७ मध्ये ओबीआर ही मागणीची ओळ आणि ओबीएक्स ही निकालाची. कल्चरची एक ओबीआर, तिच्याखाली प्रत्येक जंतूची एक ओबीएक्स, आणि त्या ओबीएक्सच्या चौथ्या खणात उपक्रमांक: पहिल्या जंतूला १, दुसऱ्याला २. हा खण बरेच जण रिकामा सोडतात. त्यानंतर प्रत्येक जंतूच्या सेन्सिटिव्हिटीसाठी स्वतंत्र ओबीआर. तिच्या २६ व्या खणात "मी अमुक निकालाच्या अमुक उपक्रमांकाची लेक" असं सांगायचं, आणि २९ व्या खणात मूळ मागणीचा नंबर. झालं, फांदी खोडाला बांधली गेली.

पण पलीकडच्या ईएमआरला हे आई-लेकीचं नातं वाचता येतं का, हे आधी विचारा. बरेच ईएमआर २६ वा खण उघडूनही बघत नाहीत. मग दोन्ही बाजूंनी बसून तह करायचा: औषधाच्या प्रत्येक ओळीच्या उपक्रमांकात जंतूचा क्रमांक टाकायचा आणि पलीकडे साठवण्याची ओळख लॅब नंबर, जंतू क्रमांक आणि तपासणी कोड अशी तिहेरी करायची. हा तह ईमेलवर लिहून घ्या. तोंडी ठरलेलं पुढच्या अपडेटपर्यंतच टिकतं.

आयुष्मान भारत डिजिटल मिशनच्या जाळ्यात रिपोर्ट द्यायचा असेल तर तिथे एचएल-७ चंच नवं भावंड, फायर, त्याची चौथी आवृत्ती चालते. तिथे डायग्नॉस्टिक रिपोर्टखाली जंतूचं ऑब्झर्व्हेशन, आणि त्याचे सदस्य म्हणून औषधांची ऑब्झर्व्हेशन्स. झाड तेच, कुंडी वेगळी. दुसऱ्या आवृत्तीत नातं नीट बांधलं असेल तर फायरमध्ये नेणं सोपं जातं. सपाट पाठवलं असेल तर तिथेही ते सपाटच राहतं.

पाचवी पायरी: आकडा, चिन्ह आणि अक्षर

ऑटोमेटेड मशीन एमआयसी देतं ती बऱ्याचदा "०.२५ किंवा कमी", "६४ किंवा जास्त" अशी. हे आकडे नुसत्या संख्येच्या प्रकारात टाकले तर दोनपैकी एक होतं: संदेश नाकारला जातो, किंवा चिन्ह गळून पडतं आणि नुसता ६४ उरतो. एचएल-७ मध्ये चिन्ह आणि संख्या वेगळे ठेवणारा एसएन नावाचा प्रकार आहे, तो वापरा. एकक न विसरता पाठवा. झोन मिलिमीटरमध्ये, एमआयसी मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये. मायक्रोसाठी ग्रीक अक्षर वापरू नका, एककांच्या यूकम पद्धतीत साधं इंग्रजी यू चालतं. ग्रीक अक्षराची वाटेत हमखास चौकट होते.

एस, आय, आर हे अक्षर ओबीएक्सच्या आठव्या खणात, मोजलेला आकडा पाचव्यात. दोन्ही पाठवा. फक्त अक्षर पाठवणारे नंतर पस्तावतात, कारण अक्षराचे नियम बदलतात. सीएलएसआय ही अमेरिकी संस्था दरवर्षी एम-१०० नावाचं कोष्टक काढते. ई. कोलायच्या कुळाला सिप्रोचा २२ मिमी झोन २०१८ पर्यंत एस होता. २०१९ मध्ये एससाठी २६ मिमी लागायला लागले आणि तोच २२ आय झाला. २०२० पासून कॉलिस्टिनला तर एस हा वर्गच उरला नाही, आय किंवा आर, बस. तुमच्या लॅबमध्ये कोष्टकाची कुठली आवृत्ती चालते ते विचारा आणि शेऱ्यात पाठवा. अर्थ लावण्याचं काम लॅबच्या सॉफ्टवेअरमध्येच राहू द्या. ईएमआरवाला "आम्हीच कोष्टक बसवतो" म्हणाला तर हात जोडून नाही म्हणा.

आणखी एक गोष्ट टेक्निशियन सहज करतात, सॉफ्टवेअरला ती शिकवावी लागते: तपासलेली सगळी औषधं सांगायची नसतात. सॅल्मोनेला टायफीला जेंटामायसिनचा झोन प्लेटवर छान मोठा येतो, पण शरीरात ते लागू पडत नाही, म्हणून एस लिहायचंच नाही असा नियम आहे. नायट्रोफ्युरंटॉइन फक्त लघवीच्या रिपोर्टवर. साध्या औषधांनी काम भागत असेल तर राखीव औषधं मायक्रोबायोलॉजिस्ट झाकून ठेवतात. मशीनमधून थेट ईएमआरला तार जोडली तर हे सगळं उघडं पडतं. म्हणून मशीन, मग लॅबचं सॉफ्टवेअर, मग मायक्रोबायोलॉजिस्टचं बटण, मग ईएमआर, असाच रस्ता ठेवा. आणि औषधाच्या ओळीला "सोडा" अशी खूण नसेल तर ती जाणार नाही, हे मूळ वागणं असू द्या.

सहावी पायरी: कच्चा, पक्का, दुरुस्त

ओबीएक्सच्या ११ व्या खणात निकालाची अवस्था जाते: पी म्हणजे कच्चा, एफ म्हणजे पक्का, सी म्हणजे पक्का दिल्यावर दुरुस्त केलेला. ओबीआरच्या २५ व्या खणात पूर्ण रिपोर्टची अवस्था. ब्लड कल्चरला ४८ तासांनी "ग्रोथ नाही" जातं, ते पी. बाटली चौथ्या दिवशी वाजू शकते. पाच दिवस पूर्ण झाल्यावरचं "ग्रोथ नाही" ते एफ. सगळं एफ पाठवून देणाऱ्या लॅब मी बघितल्यात. तिथे चौथ्या दिवशीचा जंतू दुरुस्ती म्हणून दिसतो, किंवा ईएमआर "याचा निकाल तर आलाय" म्हणून त्याला दारातच अडवतं.

दर वेळी फक्त नवीन भर न पाठवता तोवरचा सगळा रिपोर्ट पाठवा. ग्रॅम स्टेन, जंतू, औषधं, जे आहे ते सगळं. पलीकडे जुनं बाजूला ठेवून नवं दाखवायचं, पण जुनं पुसायचं नाही. सोमवारी डॉक्टरांनी कशाच्या भरवशावर इंजेक्शन बदललं, हे गुरुवारी विचारलं जातं.

दुरुस्तीचा रिपोर्ट नुसता पाठवून सोडू नका. स्क्रीनवर तो ठळक दिसला पाहिजे आणि लॅबने फोनही केला पाहिजे. फोन कुणाला केला, किती वाजता, पलीकडे कोण होतं, याची नोंद शेऱ्याच्या एनटीई ओळीत घाला. पॉझिटिव्ह ब्लड कल्चरच्या फोनचंही तेच.

सातवी पायरी: तार, लाईट आणि मराठी अक्षरं

इथे फार डोकं लागत नाही, फक्त शिस्त लागते. एचएल-७ चा संदेश बहुतेक ठिकाणी साध्या नेटवर्क जोडणीवरून जातो, पुढे एक न दिसणारी खूण आणि शेवटी दोन. पलीकडून पोच येते: एए म्हणजे घेतला, एई म्हणजे चूक आहे, एआर म्हणजे नाकारला. एए येईपर्यंत संदेश रांगेतून काढू नका. आणि रांग डिस्कवर ठेवा, मेमरीत नको. उन्हाळ्यात लाईट किती वेळा जाते हे तुम्हाला सांगायला नको. सर्व्हरला यूपीएस असतो, मधल्या स्विचला बऱ्याच ठिकाणी नसतो. तोही यूपीएसवर घ्या.

पोच वाटेत हरवली तर तोच संदेश पुन्हा जाईल. म्हणून प्रत्येक संदेशाला स्वतःचा नंबर असतो, एमएसएच या संदेशाच्या पहिल्या ओळीच्या दहाव्या खणात. तो नंबर आधी आला असेल तर पलीकडच्याने नुसती पोच द्यावी, निकाल दुसऱ्यांदा चढवू नये.

नावं आणि शेरे मराठीत जाणार असतील तर एमएसएचच्या १८ व्या खणात यूटीएफ-८ लिहा आणि खरंच यूटीएफ-८ मध्येच पाठवा. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट असतात. तिथे "कांबळे" दिसायला कांबळे असतं, पण आत इंग्रजी अक्षरांचा कचरा असतो. आधी त्याचं रूपांतर, मग पाठवणी. शेऱ्यात कुणी उभी रेघ किंवा अँडचं चिन्ह टाकलं तर एचएल-७ त्याला खणांची भिंत समजतं, तेव्हा ती चिन्हं ठरलेल्या पद्धतीने झाकून पाठवा.

आठवी पायरी: डॉक्टरांच्या स्क्रीनवर तपासा

संदेश गेला, पोच आली, लॉग हिरवा झाला, यावर समाधान मानू नका. कागदी रिपोर्ट हातात घेऊन वॉर्डातल्या संगणकावर जा आणि ओळीला ओळ लावून बघा. तपासायला सोपे सॅम्पल घेऊ नका. दोन जंतूंची लघवी, ४८ तासांनी निगेटिव्ह आणि चौथ्या दिवशी पॉझिटिव्ह झालेलं रक्त, दुरुस्त केलेला रिपोर्ट, झाकलेली औषधं असलेला टायफॉइड, "०.२५ किंवा कमी" असलेली एमआयसी, आणि लांबलचक नावाची एक आजीबाई. हे सहा नीट गेले तर साठ जातील. मोबाईलवर बघणाऱ्या डॉक्टरांच्या स्क्रीनवरही बघा. तिथे शेवटचा रकाना कापला जातो आणि नेमका एस-आर त्यातच असतो.

टीबीच्या निकालांचं आधी विचारून घ्या. टीबीची सूचना सरकारला देणं २०१२ पासून बंधनकारक आहे आणि तिची नोंद निक्षय पोर्टलवर होते. ते काम कोण करतं, हाताने की सॉफ्टवेअरमधून, हे न ठरवता इंटरफेस सुरू केला तर एकाच पेशंटची नोंद दोनदा होते, किंवा "तू केली असशील" म्हणत एकदाही होत नाही.

सुरुवात एका वॉर्डापासून करा. कागद आणि संगणक महिनाभर जोडीने चालू द्या. डेटा साठायला लागला की मायक्रोबायोलॉजिस्ट अँटिबायोग्राम मागतील, म्हणजे कुठला जंतू कुठल्या औषधाला किती टक्के दाद देतो त्याचा तक्ता. त्यासाठी वूनेट हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. तक्ता ज्या काळाचा असेल त्या काळात एका पेशंटचा एक जंतू एकदाच मोजायचा आणि एका जंतूचे निदान ३० नमुने असल्याशिवाय टक्केवारी काढायची नाही. पहिल्या पायरीत पेशंट नंबर नीट बांधला असेल तर हे दहा मिनिटांचं काम आहे.

मॅडमचं रजिस्टर मात्र लगेच बंद करायला लावू नका. परभणीकडच्या एका लॅबमध्ये आमचा इंटरफेस दोन महिने बिनचूक चालला, तरी मॅडम रोज हाताने लिहायच्या. तिसऱ्या महिन्यात एका बुधवारी मॅपिंगमध्ये नवीन घातलेलं औषध चुकीच्या कोडवर जातंय हे त्यांच्याच रजिस्टरवरून सापडलं. त्या अजून लिहितात. मी आता महिन्यातून एकदा जाऊन कुठल्याही दहा ओळी त्याच्याशी ताडून बघतो.